केशमुळांचा दुर्मीळ कर्करोग : निदानाची वाट

डोक्यावर किंवा मानेवर उठलेली गाठ बहुधा निरुपद्रवी असते. त्यामुळे ती काढल्यावर तपासणीस न पाठवताच टाकून देण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु क्वचित प्रसंगी अशा गाठीत केशमुळातून उद्भवलेला कर्करोग असू शकतो आणि केवळ बाह्य लक्षणांवरून तो ओळखता येत नाही.

केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींपासून 'पायलोमॅट्रिक्सोमा' ही साधी गाठ होते. मालहर्ब व शेनांते यांनी १८८० मध्ये तिचे वर्णन केले. तिच्या कर्करोगी रूपाची नोंद १९८० मध्ये झाली. केंद्रक लोपलेल्या 'छायापेशी' दोहोंतही आढळतात. त्यामुळे केवळ त्यांच्या आधारे निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. कर्करोगात पेशी लगतच्या ऊतींमध्ये घुसतात, पेशीविभाजन वाढते आणि मृत पेशींचे पुंजके दिसतात. हे पाहण्यासाठी गाठीची कड तपासावी लागते. सुईने घेतलेला नमुना त्यासाठी अपुरा पडतो.

म्हणूनच काढलेली प्रत्येक गाठ तिच्या सुमारे दहापट फॉर्मॅलिन द्रावणात ठेवून, रुग्णाचे वय, गाठीची जागा व वाढीचा कालावधी यांच्या नोंदीसह विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत पाठवावी. कर्करोग आढळल्यास भोवतालच्या निरोगी ऊतींसह गाठ काढणे हा मुख्य उपचार आहे. अपुरी शस्त्रक्रिया झाल्यास ती पुन्हा उद्भवण्याची शक्यता अधिक असते. तालुक्याच्या रुग्णालयातील लहानशा शस्त्रक्रियेनंतरही ही तपासणी चुकता कामा नये.