पडणाऱ्या दातांना लेप कशाला?

परवा लालबागच्या एका आजींनी विचारलं, “सर, दुधाचे दात पडणारच, मग फ्लोराइडचं वार्निश कशाला?” प्रश्न तर्काचा, म्हणून माझ्या वाट्याला आला! अहो, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर पोरानं चावायचं कशानं? शिवाय दाढ अकाली काढली, की शेजारचे दात सरकतात, कायमच्या दाताची जागा अडते. ‘पडणारा’ म्हणजे ‘बिनकामाचा’ नव्हे.

दात कोरडे करून ब्रशनं लेप लावतात, सहसा सहा महिन्यांनी एकदा. आम्लानं झिजलेल्या भागात खनिज परत बसायला त्यातलं फ्लोराइड मदत करतं. २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात दुधाच्या दातांची कीड सरासरी ३७ टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे रात्रीचं दात घासणं काही चुकत नाही.

“पण चंद्रपूर-यवतमाळकडे फ्लोराइडनंच दात बिघडतात ना?” बिघडतात. तिथं काही गावांत ते बोअरच्या पाण्यातून रोज, वर्षानुवर्षं पोटात जातं. आपल्याकडे तलावांचं पाणी, आणि लेपाला लागतात जेमतेम काही थेंब.

आजी म्हणाल्या, “मग नातवाला नायरच्या दातांच्या हॉस्पिटलात नेते.” न्या. त्या दिवशी दात पिवळट दिसतील, घाबरू नका. चिक्की मात्र दुसऱ्या दिवशी.