छोटा हत्ती का धडधडतो?

बाजारपेठेच्या तोंडाशी डिझेलवरचा जुना छोटा हत्ती उभा असला, की तो न पाहताही ओळखू येतो. उभ्या जागी त्याची धडधड चालू असते. नव्या मालकाला वाटते, गाडीत काही खोट आहे. खोट नाही. पैशाचा हिशेब करून ती धडधड पत्करलेली आहे, आणि हा हिशेब कळला तर मालवाहू गाडी घेताना पुष्कळ उपयोग होतो.

टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, मे २००५ मध्ये आला. तीनचाकी टेम्पोवाल्याला परवडावी, पाऊण टन माल न्यावा, अशी ती चारचाकी. नवे इंजिन मुळापासून घडवले तर किंमत वाढणार. म्हणून १९९८ साली आलेल्या इंडिका मोटारीचे १४०५ सीसीचे, चार सिलिंडरचे डिझेल इंजिन घेऊन ते निम्मे केले. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. ऐकायला भाकरी मोडण्याइतके सोपे. पण इंजिन भाकरीसारखे मोडत नाही.

अशा इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच जोर लावतो. चार सिलिंडर असले, की दर अर्ध्या फेरीला एकाची पाळी येते आणि दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात. भार बराचसा भारानेच तोलला जातो. दोनच सिलिंडर उरले की पंचाईत. दोन्ही पिस्टन बरोबर वरखाली केले, तर ठोके समान अंतराने पडतात, पण सगळे वजन एकाच दिशेला हिसके देते. एक वर, एक खाली ठेवला, तर वजन बरेच तोलले जाते, पण दोन ठोके पाठोपाठ पडतात आणि मग लांब खंड. तबलजी असे वाजवू लागला तर गाणारा उठून जाईल! त्यात डिझेल इंजिन हवा सुमारे वीस पट दाबते, त्यामुळे ठोकाही जबर. तोल साधणारा जादा दांडा आणि रबरी गाद्या यांनी हादरा कमी होतो, संपत नाही.

त्याच्या बदल्यात काय मिळते? पिस्टन दोन, इंजेक्टर दोन, दुरुस्ती स्वस्त, आणि लांबी इतकी कमी की इंजिन बैठकीखाली मावते. पण त्याच बैठकीवर दिवसभर बसणारा बहुधा मालक स्वतःच असतो. वाचलेल्या पैशांचा काही भाग त्याची कंबर भरते. माल भरून घाट चढताना सोळा अश्वशक्ती किती पुरते, हेही तोच जाणतो.

माल वाढला की सिलिंडर वाढतात. २०१५ मध्ये आलेल्या महिंद्र जीतोचे डिझेल इंजिन एका सिलिंडरचे होते; त्याच कंपनीच्या बोलेरो पिकअपला अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे. चारांतही बारीक थरथर उरतेच आणि पिस्टन मोठे होतील तशी ती वाढते. म्हणून अमेरिकेतल्या हलक्या पिकअपसाठी, जिथे तीन लिटरचे डिझेल लागते, कंपन्या सहा सिलिंडरांकडे वळल्या. रॅमने २०१४ च्या आणि फोर्डने २०१८ च्या गाडीत ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे, तीन-तीनच्या दोन रांगांत मांडले. इंजिन आखूड झाले, पण हेड दोन आले आणि सगळे इंजिन टोकांवर डुलू पाहते. शेवरलेने २०१९ मध्ये सहाही एका रांगेत ठेवले. या मांडणीत पिस्टन एकमेकांचा भार जवळजवळ पूर्ण तोलतात. जादा दांडा लागत नाही, हेडही एकच. मला विचाराल तर मांडणी हीच देखणी. पण इंजिन लांबलचक होते. शेवरलेने त्यातल्या ऑइल पंपाचा पट्टा मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला घातला. सुरुवातीच्या इंजिनांत तो दीड लाख मैलांवर, म्हणजे सुमारे दोन लाख चाळीस हजार किलोमीटरवर बदलायचा, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आपल्या फिटरला छोट्या हत्तीची बैठक उचलली की काम सुरू करता येते.