लेबल स्क्रीनवर मोठं, छापल्यावर बारीक : असं का होतं?



आपल्या पारोळा तालुक्यात बिबडे, उडदाचे पापड, शेवया, कळण्याचं पीठ विकायचं म्हटलं की पाकिटावर लेबल हवंच. बऱ्याच गटांत लेक नाहीतर सून घरच्या लॅपटॉपवर ते तयार करते. छापून आलं की बैठकीत आम्हाला हमखास विचारलं जातं, ‘‘ताई, स्क्रीनवर तं मोठं दिखस, मंग छापामा बारीक काबरं?’’ कुणाचं लेबल बारीक येतं, कुणाचं मापात येतं पण अक्षरं फुटतात. आज याचं कारण समजून घेऊ.

कॉम्प्युटरवरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. चित्र किती मोठं, हे ठिपके मोजून ठरतं, डोळ्यांना किती मोठं दिसतं यावरून नाही. थोडेच ठिपके मोठ्या जागेत पसरले की रेषेला पायऱ्या पडतात आणि अक्षर फुटतं. चांगल्या छपाईला एका इंचात 300 ठिपके धरतात. बिबड्यांच्या पाकिटाचं लेबल 3 इंच रुंद आणि 4 इंच उंच असेल, तर 3 गुणिले 300 म्हणजे 900 आणि 4 गुणिले 300 म्हणजे 1200. आपल्या चित्रात 900 बाय 1200 ठिपके हवेत.

आता स्क्रीनकडे वळू. आजच्या बऱ्याच लॅपटॉपच्या स्क्रीनवर 1920 बाय 1080 ठिपके असतात. एवढ्याशा जागेत इतके ठिपके, म्हणून अक्षरं मुंगीएवढी दिसतील. ती नीट वाचता यावीत यासाठी विंडोज सगळं 125 किंवा 150 टक्के मोठं करून दाखवतं. याला स्केलिंग म्हणतात. स्केलिंग म्हणजे चष्मा. चष्मा लावला म्हणून ताटातला पापड मोठा होत नाही, तसंच 150 टक्क्यांनी लेबल मोठं होत नाही.

मग ते चित्र फाइल म्हणून बाहेर काढताना, म्हणजे एक्स्पोर्ट करताना, गडबड कशी होते? सॉफ्टवेअर तीन तऱ्हांचं असतं.

पहिलं सॉफ्टवेअर चष्म्याकडे बघतच नाही. इंकस्केप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असंच आहे. त्यात एक्स्पोर्ट करताना रुंदी, उंची आणि एका इंचात किती ठिपके हे आपण भरायचं. मात्र तिथे आधीपासून 96 हा आकडा असतो. तो तसाच राहिला तर आपलं 3 बाय 4 इंचाचं लेबल 288 बाय 384 ठिपक्यांचंच निघतं. स्क्रीनवर ते छान दिसतं, छापल्यावर अक्षरं फुटतात. तिथे 300 भरा.

दुसरी तऱ्हा स्क्रीनचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट. इथे चष्म्यातून दिसतं तेच फाइलमध्ये येतं. 400 ठिपक्यांचा फोटो 150 टक्क्यांवर 600 ठिपक्यांची जागा घेतो, म्हणून स्क्रीनशॉट 600 चा येतो. पण वाढलेले 200 ठिपके म्हणजे ताकात घातलेलं पाणी. ताक वाढलं, चव नाही वाढली. लेबलसाठी स्क्रीनशॉट कधीच वापरू नका.

तिसरी तऱ्हा जास्त चकवते. काही सॉफ्टवेअर एक्स्पोर्ट करताना स्केलिंगचा आकडा हिशेबात धरतं. तीच फाइल 100 टक्क्यांच्या कॉम्प्युटरवर 900 ठिपके रुंद निघते आणि 150 टक्क्यांच्या लॅपटॉपवर 1350. घरी केलेलं आणि सायबर कॅफेत केलेलं लेबल वेगवेगळं येतं, ते कधीकधी यामुळे. अशा वेळी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन स्केल 100 टक्के करा, एक्स्पोर्ट करा आणि मग पुन्हा पहिल्यासारखं ठेवा.

हे एवढं का सांगतोय? कारण लेबलवर नुसतं गटाचं नाव नसतं. अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर, वजन, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत खावं, हे सगळं बारीक अक्षरांत असतं, आणि आधी तेच फुटतं. पैसे घ्यायचा क्यूआर कोड पुसट आला तर गिऱ्हाइकाचा मोबाइल तो वाचत नाही. ‘उमेद’च्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात शेजारी दहा गटांची पाकिटं असतात. तिथे नंबर वाचता येईना, तर गिऱ्हाईक दुसरं पाकीट उचलतं. आणि छापलेले स्टिकर वाया गेले तर पैसा आपल्याच बचतीतून जातो.

म्हणून छापायला देण्याआधी एवढं करा :

1. लेबल पट्टीने मोजा. इंचांना 300 ने गुणा. आलेले दोन्ही आकडे गटाच्या वहीत लिहा.

2. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवर उजवं क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडा. तिथली रुंदी आणि उंची वहीतल्या आकड्यांशी जुळवा. कमी असेल तर फाइल ताणू नका, पुन्हा एक्स्पोर्ट करा.

3. छापखान्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ठिपके कमी होतात. छापखान्याला चालत असेल तर पीडीएफ उत्तम.

4. आधी एकच प्रत साध्या कागदावर खऱ्या मापात काढा. पट्टी लावून मापा, क्यूआर कोड मोबाइलने वाचून बघा, आणि परवान्याचा नंबर गटातल्या चाळिशी लागलेल्या ताईंना वाचायला द्या. त्यांना वाचता आला, की बाकीचे स्टिकर छापायला सांगा.