ट्रेक संपतो सावर्ण्याला!

हॉस्टेलवर बुधवारी-गुरुवारी रात्रीचं जेवण झालं की एक प्रश्न हमखास निघतो, "शनिवार-रविवार कुठे?" गड ठरला की लगेच दुसरा प्रश्न, "गाडी कोणाकडे आहे?" आमच्या ग्रुपमध्ये या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मी. डोंबिवलीला माझ्या मामाकडे मारुती ओम्नी आहे. वयाने ती माझ्याएवढीच, म्हणजे वीस वर्षांची. ओम्नी बनवणं कंपनीने २०१९ मध्येच थांबवलं, पण आमची अजून धावते. पंधरा वर्षं झाल्यावर मामाने आरटीओत नेऊन पासिंग करून घेतलं. मामीच्या मते त्या पैशात फ्रिज आला असता.

इंग्लिश पिक्चरमध्ये आपण बघतो ना, जुनी फोक्सवॅगन व्हॅन, आत गादी, पडदे, छोटासा ओटा, आणि चार मित्र देश पालथा घालून डोंगर चढायला निघालेत... आमचं तेच स्वप्न, फक्त कल्याण-मुरबाड रोडवरचं! मागे एक पातळ गादी, दोन चादरी, पाण्याचा वीस लिटरचा कॅन आणि सहा सॅक. सीट काढून बेड बसवायचा विचार होता, पण मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, म्हणून गादीवरच भागवलं.

मंडळी, ट्रेकवर आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी दोन-तीन लेख येतात. गड किती उंच, गुहा कुठे, पाणी कुठे, सगळं असतं. गाडीबद्दल कोणी लिहीत नाही. "खिरेश्वरला पोहोचलो" या दोन शब्दांत चार तास संपतात आणि "घरी परतलो" मध्ये आणखी चार! मागच्या डिसेंबरात त्या दुसऱ्या दोन शब्दांमध्ये आमचं जे झालं, त्यावरून हा लेख लिहिते आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. ब्रेकचं मात्र मी पाठ करून आले आहे.)

आधी रस्ता सांगते. डोंबिवलीहून पत्रीपुलावरून कल्याण, मग शहाडचा पूल, म्हारळ, कांबा, रायत्याला उल्हास नदी, आणि मुरबाड. इथे टाकी भरायची. पुढे सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, सावर्णे, आणि सावर्ण्यानंतर माळशेज घाट. घाट चढला की ठाणे जिल्हा संपून पुणे जिल्हा लागतो. मग खुबी फाटा, तिथून आत पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्याच्या कडेने खिरेश्वर. गाडी इथपर्यंत. पुढे पायी तोलार खिंड, तिथलं दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प, मग कातळाचा टप्पा, आणि शेवटी हरिश्चंद्रगड. उंची सुमारे १४२४ मीटर. सॅक घेऊन चार ते पाच तास लागतात. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभं शिवलिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि संध्याकाळी कोकणकडा. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तिथे जाऊनच बघा.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. वैशाखरे गावाजवळून डोंगरात एक वाट जाते, ती नाणेघाटाची. सातवाहनांच्या काळी कल्याण हे बंदर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकातही त्याचं नाव आहे. बंदरावरचा माल सपाटीवरून घाटाखाली यायचा आणि मग नाणेघाट चढून जुन्नरला जायचा. वर नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि एक मोठा दगडी रांजण. त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. म्हणजे कल्याणहून निघून आधी सपाटी कापायची आणि मग चढायचं, हा आमचा कार्यक्रम दोन हजार वर्षं जुना आहे!

आता चढाचं बघू. आमची गाडी रिकामी आठशे किलोच्या आसपास. सहा माणसं आणि सामान धरून बाराशे किलो. ताशी ३० किलोमीटरने सपाट रस्त्यावर जायला तिला दोनेक हॉर्सपॉवर पुरतात. तोच वेग घाटात, सोळा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर अशा चढाला ठेवायचा, तर नुसतं वजन वर उचलायला आठ हॉर्सपॉवर जास्तीच्या लागतात. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ते देतं, त्याची ताकद पस्तीसच्या आसपास आहे. पण जेवढी ताकद चाकांना जाते, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरच्या पाण्यातून बाहेर काढावी लागते. आणि घाटात वेग कमी असल्याने समोरून वाराही कमी. काम पाचपट आणि हवा तेवढीच, म्हणून जुनी गाडी घाटातच तापते. ओम्नीत तर इंजिन पुढच्या सीटखाली असतं. काटा बघायच्या आधी ड्रायव्हरला बुडाखाली कळतं!

तापली तर काय करायचं? घाई करायची नाही. सुरक्षित जागा बघून बाजूला लावा, पार्किंग लाइट चालू ठेवा, चाकांना दगड लावा आणि गप्पा मारा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही. ते कुकरच्या झाकणासारखंच काम करतं. आत दाब ठेवल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब गेला, आणि तेच पाणी त्या क्षणी वाफ होऊन तुमच्या तोंडावर. अर्धा तास थांबलात तर काही बिघडत नाही, गड कुठे पळत नाही.

जातानाचा प्रवास आमचा छानच झाला. रात्री नऊला निघालो, एकच्या सुमारास खिरेश्वरला पोहोचलो, दोघी गाडीत आणि चौघे एका घराच्या पडवीत झोपलो. (गाडीत झोपताना दोन्हीकडच्या काचा चार बोटं उघड्या ठेवा, आणि थंडी कितीही असो, आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साईड जमतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही.) शनिवारी गड, रात्री गुहेत मुक्काम, रविवारी उतरून तीनच्या सुमारास पुन्हा गाडीपाशी. भाकरी-पिठलं खाल्लं आणि "सोमवारी सबमिशन आहे" म्हणत लगेच निघालो.

इथेच चूक झाली, आणि चूक माझी होती.

चार तास डोंगर उतरल्यावर मांड्यांचं काय होतं, हे ट्रेक केलेल्यांना माहीत आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्यामुळे चढण्यापेक्षा उतरण्यानेच तो जास्त दुखावतो. मी क्लच दाबला की डावा पाय थरथरत होता. त्यात दोन रात्रींची अर्धवट झोप, दुपारची वेळ, पोटात भाकरी. मागे पाचही जण पाच मिनिटांत घोरायला लागले. माळशेजचा बोगदा ओलांडला, उतार सुरू झाला, आणि क्लच-गिअरचा कंटाळा येऊन मी गाडी न्यूट्रलला टाकली. पेट्रोलही वाचेल, असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. मग काय, प्रत्येक वळणावर ब्रेक, सरळ रस्त्यावरही ब्रेक.

चार-पाच वळणांनंतर जळका वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं. पुन्हा दाबला, ते जवळजवळ खाली टेकलं. गाडी हळू होईना.

तेव्हा मी ओरडले की नाही, आठवत नाही. मागचे म्हणतात ओरडलीस. आमचा मेकॅनिकलचा मित्र दचकून उठला आणि एवढंच म्हणाला, "सेकंड टाक!" थर्ड टाकला, मग सेकंड. इंजिन किंचाळलं, गाडी ओढल्यासारखी हळू झाली. मग हँडब्रेक, एकदम नाही, थोडा थोडा. डोंगराच्या बाजूला रस्ता जरा रुंद होता तिथे गाडी थांबली. दोघांनी उड्या मारून पुढच्या चाकांना दगड लावले. दरीची बाजू पलीकडे होती. त्या बाजूला मी तासभर बघितलंच नाही.

आता हे का झालं ते सांगते, कारण आपण सगळे इंजिनिअरिंगवाले आहोत आणि हे गणित फर्स्ट इयरचं आहे. माळशेजचा उतार धरा सुमारे ६०० मीटर. बाराशे किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे mgh च्या हिशोबाने सत्तर लाख ज्यूल कुठेतरी खर्च करावे लागतात. एवढ्या उष्णतेत चोवीस लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येतं. म्हणजे मेसमधला चहाचा मोठा टोप, काठोकाठ! थोडा भाग हवा आणि टायर खातात. बाकीचा गिअरमध्ये असाल तर इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये असाल तर सगळा टोप चार चाकांच्या ब्रेकवर उकळायला ठेवलात असं समजा.

ब्रेक तापले की ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, गाडी नुसती उभी असली तरी. डॉट-३ प्रकारचं नवं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळू नये असा नियम आहे. पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर हाच आकडा १४० वर येतो. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पास्कलचा नियम म्हणूनच चालतो. वाफ मात्र दाबली जाते. मग तुमच्या पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो, चाकापर्यंत काही पोहोचत नाही. पेडल मऊ लागतं ते यामुळे. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर तो लायनर तापून गुळगुळीत झाल्याचा प्रकार. हँडब्रेक चालला कारण तो तारेवर चालतो, त्यात ऑइल नसतं.

आणि पेट्रोल? तेही वाचत नाही बरं का! इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर चाकंच इंजिनला फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलला टाकलं तर इंजिन चालू राहण्यासाठी त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे मी ब्रेकही जाळले आणि पेट्रोलही.

आम्ही पाऊण तास थांबलो. ब्रेकवर पाणी ओतायचं कुणीतरी सुचवलं, पण तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, म्हणून नाही ओतलं. वाफ थंड होऊन पुन्हा द्रव झाली तसं पेडल हळूहळू वर आलं. मग मित्राने चालवायला घेतली. उरलेला घाट सेकंडमध्ये, काही ठिकाणी फर्स्टमध्ये, ताशी पंधरा-वीसने उतरलो. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हात करून पुढे जाऊ दिलं. सावर्ण्याला चहा घेतला. कोणी फारसं बोललं नाही.

सोमवारी डोंबिवलीच्या मिस्त्रींनी चाक खोललं. ब्रेक ऑइल काळं चहासारखं झालं होतं. "ताई, हे दोन वर्षांनी बदलायचं असतं, घरात कोणाला माहीत होतं का?" मामाने मान खाली घातली. मला रागावला नाही, पण महिनाभर चावी दिली नाही. ऑइल आणि लायनर मिळून जेवढा खर्च आला, तेवढा आम्ही सहा जणांनी एका ट्रेकच्या खाण्यावर केला होता.

तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टी ठरल्या आहेत. निघायच्या आठवड्यात पाणी, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, स्टेपनीची हवा आणि फॅनबेल्ट बघायचा. जॅक, पाना, टोचनाचा दोर आणि दोन लाकडी ठोकळे गाडीतच ठेवायचे. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा. पाच जणांपेक्षा कमी असू तर गाडीच न्यायची नाही. कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी खुबी फाट्यावर सोडते, आणि एसटीचा ड्रायव्हर आदल्या दिवशी गड चढलेला नसतो!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, परतीच्या ड्रायव्हरचं. जो चालवणार तो रविवारी सगळ्यात हलकी सॅक घेतो, आणि खिरेश्वरला उतरल्यावर दीड तास झोपतो. बाकीच्यांनी तोपर्यंत भांडी घासायची. घाट उजेडात उतरायचा, म्हणून गडावरून सकाळी सातला निघायचं, सूर्योदयाचे फोटो झाले नसले तरी. पुढच्या सीटवरच्या माणसाने झोपायचं नाही.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो. उतरताना मी चालवत होते, शेजारी मेकॅनिकलवाला जागा होता आणि बोगद्यापासून दर वळणाला "गिअर?" विचारत होता. मी दर वेळी "सेकंड" म्हणत होते. सावर्ण्याच्या त्याच टपरीवर थांबलो तेव्हा मी खाली उतरून चाकाजवळ हात नेऊन बघितला. कोमट होतं.