घडी अशी हवी की मुद्दा हाताला लागेल
(इतिहास शिकवताना : लेखांक ६)

सातवीच्या वर्गात ‘चौथाई म्हणजे काय’ असं विचारलं की ‘एक चतुर्थांश’ हे उत्तर चटकन येतं. ‘कशाचा चतुर्थांश?’ असं पुढे विचारलं की बहुतेक माना खाली जातात. मुलांना शब्द येतो, अर्थाचा अर्धा भाग येतो, पण त्यामागचा व्यवहार डोळ्यांपुढे नसतो. सरदेशमुखी, मोकासा, वतन, सनद, सबनीस या शब्दांचंही तेच होतं. ‘जोड्या लावा’पुरते ते पाठ होतात आणि चाचणी झाली की विरून जातात.

या दुखण्यावर घडीचा कागद हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. डायना झाइक या अमेरिकन शिक्षिकेने अशा घड्यांना ‘फोल्डेबल्स’ हे नाव दिलं आणि वर्गावर्गांत त्यांचा प्रसार केला. करायला अगदी सोपं आहे. कागद लांबीच्या बाजूने मधोमध दुमडायचा आणि वरच्या पानाला कडेपासून घडीपर्यंत तीन काप द्यायचे. चार झडपा तयार होतात. झडपेवर शब्द लिहायचा, आत अर्थ. कार्डशीट विकत आणायची गरज नाही, पाठकोरा कागद चालतो.

झडपेचा खरा उपयोग ती मिटलेली असताना होतो. उघडण्याआधी मुलाला अर्थ आठवावा लागतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनंतर जास्त आठवला, पण आठवड्यानंतर पुढे होते ते वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिणारे. म्हणून आतला अर्थ फळ्यावरून उतरवून देऊ नये. मुलाने तो स्वतःच्या शब्दांत लिहावा, ओबडधोबड असला तरी चालेल. फळ्यावरची व्याख्या चाळीस कागदांवर एकसारखी उतरली, तर मुलांनी केलं ते फक्त हस्तकलेचं काम.

बऱ्याच ठिकाणी घोडं पेंड खातं ते याच्या पुढे. एकच चार झडपांचा नमुना सगळ्या पाठांना वापरला जातो आणि उरलेला तास कडेच्या वेलबुट्टीत जातो. मला हे मनापासून खटकतं. संकल्पनेची जी रचना असेल, तीच घडीची असायला हवी.

चौथाईचंच घ्या. २० सेंटिमीटर लांबीची कागदी पट्टी म्हणजे एखाद्या मुलखाचा ठरलेला महसूल. तिच्या चार सारख्या घड्या घालून एक भाग मागे दुमडला की ५ सेंटिमीटरची चौथाई वेगळी होते. सरदेशमुखी दहावा हिस्सा, म्हणजे आणखी २ सेंटिमीटर. तीही मागे दुमडा. समोर १३ सेंटिमीटर उरतात. दोन्ही हक्क मिळून महसुलातला केवढा वाटा बाहेर जात होता हे मुलांना सांगावं लागत नाही, पट्टीच सांगते. मागे गेलेल्या भागावर ‘बदल्यात काय?’ हे लिहून घ्यावं. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या सनदा घेऊन आले, तेव्हा चौथाईच्या बदल्यात शाहू महाराजांनी १५,००० फौज बादशाहीच्या मदतीला ठेवायची, असं ठरलं होतं. हक्क आणि जबाबदारी एकाच कागदाच्या दोन बाजूंना येतात.

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन इथून आणखी आत शिरता येतं. त्या ५ सेंटिमीटरच्या चौथाईचीही वाटणी होत असे. चौथा हिस्सा राजाचा, ती बाबती. आपल्या पट्टीवर साडेबारा मिलिमीटर. शेकडा ६ सहोत्रा, तो पंत सचिवांकडे : ३ मिलिमीटर. शेकडा ३ नाडगौंडा, राजा देईल त्याला : दीड मिलिमीटर. एवढीशी घडी पडत नाही, तिथे नुसती रेघ ओढावी. उरलेला शेकडा ६६ म्हणजे मोकासा, तो सरदारांकडे, फौज बाळगण्यासाठी : ३३ मिलिमीटर. मुलांना पट्टीने मोजू द्यावं आणि आपण गप्प राहावं. राजाचा तुकडा केवढा आणि सरदारांचा केवढा, हे शेजारी शेजारी दिसलं की ‘मग सरदारच मोठे होणार की!’ असं कुणीतरी म्हणतंच. अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेचं बळ आणि तिच्यातली ओढाताण, दोन्ही समजून घ्यायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

गडाचा कारभार ही वेगळी संकल्पना, तिला घडीही वेगळी लागते. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे गडावर बरोबरीचे अधिकारी असत आणि कारभार तिघांनी मिळून पाहायचा, असं सभासद बखर सांगते. हेतू हा की एकट्याला गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये. इथे कागदाचे चार सारखे उभे भाग पाडावेत आणि चौथा पहिल्यावर चिकटवावा. तीन बाजूंचा उभा राहणारा खांब तयार होतो. एका बाजूवर किल्ल्या आणि दरवाजे सांभाळणारा हवालदार, दुसरीवर शिबंदी आणि पहारे पाहणारा सरनोबत, तिसरीवर हिशेब आणि हजेरी लिहिणारा सबनीस. चिकटवलेली बाजू सोडवली की कागद आडवा होतो. ‘तिघेच का? एक का नाही?’ हा प्रश्न त्याच वेळी विचारावा.

अष्टप्रधानांसाठी आठ झडपा करायला हरकत नाही : वर मजुमदार, सुरनीस, डबीर ही आधीची नावं आणि आत अमात्य, सचिव, सुमंत. मात्र ती यादीच आहे. पाठांतराला मदत होते, त्यापलीकडे फार काही नाही. तिच्यावर दोन तास घालवू नयेत.

त्यापेक्षा वेळ द्यावा इतिहासाच्या साधनांना. भौतिक, लिखित, मौखिक अशा तीन झडपा करायला सांगितल्या की मुलं नाणी, बखरी, ओव्या भराभर भरतात. मग ताम्रपट पुढे करावा. धातूचा पत्रा म्हणून तो भौतिक, मजकूर कोरलेला म्हणून लिखित. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा गोंधळ्यांनी गाऊन जपला, म्हणून मौखिक. पण १८९१ साली अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी जुने पोवाडे जमवून छापले, तेव्हापासून ते कागदावरही आहेत. वर्गात यावरून वाद होतो, तो होऊ द्यावा. म्हणूनच या कागदावर झडपांमधले काप घडीपर्यंत न नेता अर्ध्यावर थांबवावेत. दोन झडपांच्या जोडलेल्या जागेत अशा वस्तूंची नावं लिहायची आणि मागे त्या तिथे का ठेवल्या, याचं कारण एका वाक्यात. कारण पटणारं असेल तर ताम्रपट कुठेही ठेवला तरी पूर्ण गुण द्यावेत.

पुढच्या आठवड्यात कालरेषेची घडी घेऊ. तिला लांब कागद लागतो, तेव्हा मागच्या वर्षीची भिंतीवरची कॅलेंडरं रद्दीत टाकू नका.