फोनच्या पलीकडचा चीन

चीनमधल्या सामान्य माणसाचे बोलणे कोणाच्याही कात्रीविना रेडिओवर ऐकू येऊ लागले ते दोन गोष्टींमुळे. एक शॉर्टवेव्ह, दुसरी टेलिफोन. शॉर्टवेव्ह तिथे जुनी होती. व्हॉइस ऑफ अमेरिकेचे चिनी प्रसारण डिसेंबर 1941 मध्ये सुरू झाले, बीबीसीचेही त्याच सुमाराचे. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत, म्हणजे 1966 ते 1976 या काळात, अशा केंद्रांना ‘दीताय’, शत्रूचे केंद्र, असे नाव पडले होते. ती चोरून ऐकणे हा गुन्हा होता आणि त्यापायी लोकांना तुरुंगात जावे लागले. तरीही लोक आवाज बारीक करून ऐकत राहिले. मात्र ऐकणाऱ्याला स्वतःचे काही सांगायची सोय त्या रेडिओत नव्हती. बातमी बाहेरून आत येई. आतले बाहेर जाण्याची वाट बंद होती.

श्रोत्याला बोलते करण्याची सुरुवात चीनमध्येच झाली, तीही सरकारी रेडिओवर. 15 डिसेंबर 1986 रोजी ग्वांगझौमध्ये पर्ल नदीच्या नावाने एक आर्थिक वाहिनी निघाली. शेजारच्या हाँगकाँगची केंद्रे श्रोते ओढून नेत होती, त्यांना तोंड देण्यासाठी या वाहिनीने लिहून आणलेले वाचणारा निवेदक बाजूला सारला आणि थेट बोलणारा, श्रोत्यांचे फोन घेणारा सूत्रसंचालक पुढे आणला. ही पद्धत देशभर पसरली. नव्वदच्या दशकात रात्री उशिराच्या कार्यक्रमांत लोक संसारातली भांडणे, प्रेमभंग, एकटेपणा यांविषयी मोकळेपणाने बोलू लागले. नानजिंगच्या शिनरान यांच्या कार्यक्रमात बायकांनी सांगितलेल्या हकिकती पुढे पुस्तकरूपाने जगभर वाचल्या गेल्या. हा बदल लहान नव्हता. पण केंद्र पक्षाच्या प्रचार विभागाच्या हाताखालचे असल्यामुळे बोलण्याला कुंपण होते. नवऱ्याची तक्रार चाले. पगार बुडवणाऱ्या कारखान्याची आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या अधिकाऱ्याची नावे घेणे चालत नसे.

ती नावे घेतली गेली रेडिओ फ्री एशियावर. अमेरिकी काँग्रेसच्या 1994 च्या कायद्याने या केंद्राची सोय केली आणि 29 सप्टेंबर 1996 रोजी त्याचे मँडरिन प्रसारण सुरू झाले. पुढे तिबेटी, कँटोनीज, उइगुर अशा भाषांची भर पडून एकूण नऊ भाषा झाल्या. पैसा अमेरिकी सरकारचा होता आणि बीजिंगने त्याला कायम ढवळाढवळच मानले. पैशाविषयीची ही शंका रास्त आहे. पण या केंद्रावरच्या एका कार्यक्रमापुरते तरी उत्तर खुद्द कार्यक्रमातच मिळते, कारण त्यात बोलणारे अमेरिकन नव्हते. ते चिनी कामगार होते, आपापल्या गावातून बोलणारे.

हा कार्यक्रम चालवणारे हान दोंगफांग हे स्वतः रेल्वेतले विजेचे कामगार. जन्म 1963 चा. 1989 च्या वसंतात तिएनानमेन चौकात विद्यार्थी जमले, तेव्हा त्यांनी बीजिंगमध्ये कामगारांची स्वायत्त संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. सरकारी छत्राबाहेरची संघटना ही राज्यकर्त्यांना विद्यार्थ्यांच्या घोषणांपेक्षाही जास्त झोंबणारी गोष्ट होती. हान 22 महिने खटल्याविना कोठडीत राहिले, तिथे त्यांना क्षयाने गाठले आणि अमेरिकेत उपचार घेताना एक फुफ्फुस काढावे लागले. 1993 मध्ये ते मायदेशी परतले, तर सरकारने त्यांना हाँगकाँगमध्ये हाकलून दिले. तिथेच राहून त्यांनी 1994 मध्ये ‘चायना लेबर बुलेटिन’ ही संस्था काढली आणि 1997 पासून रेडिओवर कामगारांशी संवाद सुरू केला.

काळ मोठा कठीण होता. सरकारी कारखाने एकामागून एक बंद पडत होते, कोट्यवधी कामगार घरी बसले होते. बेकार म्हणायचे टाळून त्यांना ‘शियागांग’, म्हणजे कामाच्या जागेवरून उतरवलेले, असे म्हणत. संप करण्याचा हक्क 1982 च्या राज्यघटनेतून काढून टाकलेला होता आणि कायदेशीर संघटना एकच होती, पक्षाच्या ताब्यातली. अशा वेळी हान हाँगकाँगमधून कामगारांना फोन फिरवत. पगार किती महिन्यांचा थकला, कारखाना दिवाळखोरीत काढण्याच्या कागदावर सही कोणी केली, संघटनेचे कार्यालय काय म्हणाले, असे साधे, सरळ प्रश्न ते विचारत. मग तोच प्रश्न घेऊन ते त्या गावच्या संघटनेच्या कार्यालयाला, पोलीस चौकीला, कारखान्याच्या व्यवस्थापकाला फोन लावत. काही जण फोन आपटत, काही टोलवत, काही मात्र बोलून जात. ऐकणाऱ्याला या तिन्ही प्रकारांतून आपल्या गावच्या कारभाराचा अंदाज येई. चीनमध्ये दुसऱ्या गावच्या आंदोलनाची बातमी छापली जात नसल्यामुळे ‘असे फक्त आपल्याच कारखान्यात होते’ हा समज पक्का होता. या संवादांनी त्याला तडा दिला.

पण आवाज उठवण्याची किंमत काय असू शकते, याचे मार्च 2002 मधले ल्याओयांग हे ठळक उदाहरण. ईशान्येकडच्या या औद्योगिक शहरात लोहमिश्रधातूचा कारखाना बुडवला गेला होता, कामगारांचे पगार थकले होते, आणि एका स्थानिक पुढाऱ्याने टीव्हीवर सांगून टाकले की शहरात बेकार कोणीच नाही. हजारो कामगार रस्त्यावर आले. त्याच महिन्यात दाछिंगच्या तेलक्षेत्रातून कमी केलेले कामगारही निदर्शने करत होते. ल्याओयांगचे पुढारी याओ फूशिन आणि शियाओ युनलियांग यांना 2003 मध्ये राज्यसत्ता उलथवण्याच्या आरोपाखाली अनुक्रमे 7 आणि 4 वर्षांची शिक्षा झाली. फोनवर बोलणाऱ्या प्रत्येकासमोर हा धोका उभा होता. तरी लोक बोलले, यातच त्यांची गरज किती तीव्र होती ते दिसते.

प्रसारण चीनमध्ये पोहोचवणे हा वेगळाच झगडा होता. शॉर्टवेव्ह लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, त्यामुळे सीमेवर त्या अडवता येत नाहीत. त्याच लहरीवर दुसरा आवाज सोडून त्या बुजवाव्या लागतात. अमेरिकेची प्रक्षेपणकेंद्रे प्रशांत महासागरातल्या सायपान आणि टिनियन बेटांवर होती. चीनने त्या लहरींवर कधी स्वतःचा सरकारी कार्यक्रम लावला, तर कधी ढोल, झांजा आणि पारंपरिक वाद्यांचे तासभराचे ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजवले. शॉर्टवेव्हच्या जगभरातल्या शौकिनांनी या संगीताला ‘फायरड्रेक’ असे नाव दिले. केंद्रे मग एकाच वेळी अनेक लहरींवर प्रसारण करत. पुढे संवाद इंटरनेटवर गेला, तेव्हा ‘महाभिंती’ची, म्हणजे चीन सरकारच्या इंटरनेटवरील गाळणीची, अडवणूक सुरू झाली.

फोनवरून सत्य शोधण्याची रीत मात्र टिकली. 2017 पासून शिनजियांगमध्ये उइगुरांसाठीच्या नजरकैदेच्या छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा रेडिओ फ्री एशियाच्या उइगुर पत्रकारांनी गावोगावच्या चौक्यांना आणि कार्यालयांना फोन लावून किती माणसे नेली, कुठे नेली, हे विचारले. बऱ्याच जागी उत्तरे मिळाली. या पत्रकारांच्या शिनजियांगमधल्या नातेवाइकांनाच मग ताब्यात घेण्यात आले.

हाँगकाँगमधले छत्रही गेले. नवा राष्ट्रीय सुरक्षा कायदा झाल्यावर मार्च 2024 मध्ये रेडिओ फ्री एशियाने तिथले कार्यालय बंद केले. पुढच्या मार्चमध्ये अमेरिकी सरकारनेच निधी तोडण्याचे पाऊल उचलले, बहुतेक कर्मचारी घरी बसले आणि ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस केंद्राने वार्तांकन थांबवले. त्याआधी जूनमध्ये, पैशाअभावी, हान यांच्या ‘चायना लेबर बुलेटिन’चे 31 वर्षांचे कामही संपले.