रक्तवर्णाचे प्रकाशदर्शन : बल आणि मर्यादा

त्रिविध परीक्षेत दर्शनास अग्रस्थान आहे. त्वचा, नेत्र, नखे यांच्या वर्णावरून आपण रक्तधातूची अवस्था जाणतो. हेच वर्णदर्शन आता यंत्राच्या साहाय्याने त्वचेखाली व कवटीच्या आतही पोहोचले आहे. त्याचे बल आणि मर्यादा वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही जाणून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते, प्राणवायुरहित अधिक; अवरक्त प्रकाशात हा क्रम उलटतो. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी या भेदाची नाडीच्या स्पंदनाशी सांगड घातली आणि पल्स ऑक्सिमीटरचा पाया रचला गेला. १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रान्स योब्सिस यांनी निकट-अवरक्त प्रकाश कवटी भेदून मेंदूतील प्राणवायूची वार्ता आणतो, हे दाखवून दिले.

रक्त साचलेल्या जागी हा प्रकाश अधिक शोषला जातो. डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करून रक्तस्राव सुचविणाऱ्या 'इन्फ्रास्कॅनर' या हातात मावणाऱ्या उपकरणास अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. मात्र ते मेंदूच्या पृष्ठभागापासून सुमारे अडीच सेंटिमीटरपर्यंतचाच साका टिपते. खोलवरचा किंवा दोन्ही बाजूंस सारखा असलेला रक्तस्राव निसटू शकतो. सीटी स्कॅनची जागा ते घेऊ शकत नाही.

ऑक्सिमीटरचा आकडाही तारतम्याने वाचावा. पांडुरोग्यात हिमोग्लोबिन अत्यल्प असतानाही ९८ टक्के दिसू शकतात. कोंदट खोलीतील शेगडीच्या धुराने विषबाधा झालेल्या रुग्णातही आकडा फसवा असतो. थंड बोटे, गडद नखरंग यांमुळे चूक होते. सावळ्या वा काळ्या त्वचेत आकडा प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दडलेला प्राणवायुक्षय कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आढळला.

शिर हे महामर्म होय. दुचाकीवरून पडलेला रुग्ण काही तास नीट बोलतो आणि नंतर एकाएकी बेशुद्ध होतो. बोटावरील ९८ हा आकडा कवटीतील रक्तस्रावाविषयी काहीच सांगत नाही. वाढती डोकेदुखी, पुनःपुन्हा वांती, ग्लानी, बाहुल्यांची असमानता यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णास तत्काळ सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

ऑक्सिमीटर विकताना औषधविक्रेत्यांनीही ग्राहकास सांगावे : आकडा चांगला, पण धाप वा ग्लानी असेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवा. यंत्र वर्ण पाहते. रुग्णास पाहण्याचे कर्तव्य वैद्याचेच आहे.